प्रवाळटाकीवरचा घरगुती दिवा : प्रस्तावना

ज्या जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडापर्यंत सह्याद्रीचा तट उभा आहे, ज्याच्या प्रवरा आणि मुळा या नद्या डोंगरापलीकडच्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून गोदावरीच्या संगतीने पूर्वसमुद्राचा दूरचा मार्ग धरतात, आणि ज्याचे दक्षिणेकडील तालुके पर्जन्यछायेत वर्षानुवर्षे आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात, त्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरात, घराच्या एका कोपऱ्यात साठ-पासष्ट लिटर खारे पाणी बाळगून त्यात प्रवाळवर्गातील जीव वाढवावेत, आणि त्यांना लागणारा दिवा बाजारातून न आणता स्वतःच्या हातांनी सिद्ध करावा, हा विचार प्रथमदर्शनी विलक्षण वाटणे स्वाभाविक आहे. ही पुस्तिका त्या विचाराचे सांगोपांग विवेचन करण्यासाठी लिहिली आहे, आणि ती हाती घेणाऱ्या वाचकाला विषयाची पूर्वपीठिका ठाऊक असावी, एवढ्याच हेतूने हा थोडासा विस्तृत प्रास्ताविक मजकूर तिला जोडला आहे.

पाण्याची हौस या भूमीला नवी नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने सीनेच्या काठी हे शहर वसविल्यानंतर त्याच्या वंशजांनी आणि त्यांच्या मुत्सद्द्यांनी सभोवतालच्या उंच भागांतून खापरी नळांनी पाणी शहरात आणले, हौद बांधले, बागा फुलविल्या, आणि सोळाव्या शतकात फराहबागेचा महाल तर चोहोबाजूंनी तलावाचे पाणी खेळवून त्याच्या मध्यभागी उभा केला. तो तलाव आज कोरडा असला तरी महालाच्या भिंती आणि कमानी अद्याप पाहावयास मिळतात. ज्या नगराने कोरड्या पठारावर जलमहालाची तजवीज केली, तेथील एखाद्या रहिवाशाने काचेच्या चार भिंतींत समुद्राचा एक अंश आणावा, यात परंपरेशी विसंगत असे काही आहे असे मला वाटत नाही. फरक आहे तो एवढाच की तलावात पाणी भरले की निजामशाही स्थापत्यविशारदाचे बरेचसे काम संपत असे. प्रवाळ पाळणाऱ्याचे काम पाणी भरल्यावर सुरू होते, आणि त्या कामातला सर्वांत कठीण व सर्वांत गैरसमजुतीचा भाग म्हणजे प्रकाश होय.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या मऊ देहाच्या आतल्या स्तरात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शैवाल वस्ती करून असते. कार्ल ब्रांट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ साली या शैवालाला ‘झोझँथेली’ हे नाव दिले, आणि पुढे १९२८-२९ मध्ये सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेने या सहजीवनाचा पद्धतशीर अभ्यास केला. आपल्याकडच्या वाचकाला हे नाते समजावून देण्यास बटाईच्या शेतीइतका सोयीचा दाखला दुसरा नाही: प्राणी राहावयास जागा देतो, संरक्षण देतो, आपल्या शरीरातील कार्बन डायऑक्साइड आणि नत्रयुक्त उत्सर्ग खताप्रमाणे पुरवितो, शैवाल त्यावर आणि प्रकाशावर शर्करा व स्निग्ध द्रव्ये पिकविते, आणि त्या पिकाचा फार मोठा हिस्सा मालकाच्या पदरी घालते. उथळ समुद्रातील अनेक प्रवाळांची ऊर्जेची बहुतांश गरज या एका उत्पन्नातून भागते. प्रकाश तोकडा पडला की पीक घटते आणि प्राणी महिनोन्‌महिने हळूहळू कृश होत जातो; प्रकाश एकाएकी अतोनात वाढला, किंवा पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल मर्यादेपेक्षा एखाद्या अंशानेही कित्येक आठवडे चढे राहिले, की ही व्यवस्थाच मोडते, शैवालाची हकालपट्टी होते, आणि रंगहीन झालेला प्राणी उपासमारीच्या उंबरठ्यावर उभा राहतो. तेव्हा टाकीवरचा दिवा हा अन्नपुरवठ्याचा विषय आहे. तो शोभेचा मानला गेला, यातच आजवरच्या बहुतेक अपयशांचे मूळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माशांच्या टाकीवरचा दिवा आपल्या लोकांच्या परिचयाचा झाला तो शोभेचा म्हणूनच. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि तेव्हापासून मुंबईला गेलेल्या मराठी कुटुंबाच्या फेरफटक्यात राणीच्या बागेच्या जोडीने या मत्स्यालयाला स्थान मिळाले. तेथील काचेआडचा प्रकाश मासे दिसावेत यासाठी होता, आणि माशांपुरते ते योग्यच होते. प्रवाळाची गोष्ट निराळी. १९५६ साली रने कातला या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे मत्स्यालय उभारून त्यात जिवंत प्रवाळ दीर्घकाळ राखून दाखविले, तेव्हा त्याचा आधार होता समुद्रातून सतत येणारे ताजे पाणी आणि आकाशातून येणारे ऊन. इंडोनेशियातील ली चिन एंग याने १९६१ साली मांडलेली पद्धतही जिवंत खडक, हवेचे मंद बुडबुडे आणि सूर्यप्रकाश यांवरच उभी होती. समुद्रापासून आणि विषुववृत्तापासून दूर राहणाऱ्या युरोप-अमेरिकेतील शौकिनांना ही सोय नव्हती, म्हणून त्यांनी प्रथम निळसर नळ्या आणि नंतर मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे वापरले. ते प्रवाळांना मानवले, परंतु एवढ्याशा टाकीवर दीडशे वॅटची ती भट्टी ठेवल्यावर पाणी थंड राखण्यासाठी निराळे यंत्र लावण्याची पाळी येई. या अडचणीतून सुटका झाली ती एका अर्धसंवाहकाच्या कृपेने. इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शूजी नाकामुरा या तिघांच्या परिश्रमांतून निळा एलईडी साध्य झाला, १९९३ साली नाकामुरांनी तो व्यवहारोपयोगी प्रखरतेचा करून दाखविला, आणि २०१४ मध्ये या तिघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधामुळे आज घराघरांत पांढरा प्रकाश पडतो हे सर्वश्रुत आहे. प्रवाळ पाळणाऱ्यांनाही त्याने नवे युग दाखविले, हे फारसे कोणी सांगत नाही.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. नगरसारख्या ठिकाणी, जिथे वर्षातले बहुतेक दिवस ऊन हे मागितल्यावाचून मिळते, तिथे दिवा हवाच कशाला, टाकी खिडकीशी का ठेवू नये? शंकेचे उत्तर उष्णतेत आहे. उन्हातील ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने येते. ती शैवालाच्या काही उपयोगाची नसते, पाणी मात्र तापविते. कातलापाशी वाहता समुद्र होता. आपल्यापाशी साठ लिटर आहेत, आणि चैत्र-वैशाखात पारा चाळीसच्या पुढे गेलेला असताना पश्चिमेच्या खिडकीतले दोन तास त्या साठ लिटरांची वाट लावण्यास पुरेसे असतात. शिवाय खिडकीतले ऊन ऋतूगणिक सरकते, आणि त्याच्या पूर्ण वर्णपटामुळे काचेवर व खडकावर नको असलेले हिरवे शैवाल फोफावते, ते वेगळेच.

मग दिवा कसा असावा? समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच मोठ्या प्रमाणात गिळून टाकते, आणि स्वच्छ महासागरात सर्वांत खोलवर पोहोचतो तो निळा. प्रवाळातील शैवालाची घडण याच निळ्या प्रकाशावर झालेली आहे. त्याची रंगद्रव्ये साधारण ४३० ते ४८० नॅनोमीटर या टापूत प्रकाश उत्तम ग्रहण करतात. म्हणून ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा, व्यापारात ‘रॉयल ब्लू’ म्हणून ओळखला जाणारा एलईडी हा आपल्या दिव्याचा कणा, आणि साधा शीतशुभ्र एलईडी त्याचा जोडीदार. नुसत्या निळ्यात प्रवाळांची काही रंगद्रव्ये स्वयंप्रकाशी असल्यासारखी झळाळतात, आणि त्या मोहाने अनेकजण पांढरा प्रकाश अजिबात काढून टाकतात. मला ते पसंत नाही, कारण प्राण्याच्या देहावरचा डाग, सुरुवातीची फिकटी किंवा खडकावर वाढू लागलेला उपद्रवी जीव हे सारे पांढऱ्या उजेडातच दिसते, आणि जे दिसत नाही त्याचा इलाज होत नाही.

बाजारातील दिव्याच्या वेष्टनावर ल्युमेनचा आकडा ठळक छापलेला असतो, आणि गिऱ्हाईक त्यावरूनच दिव्याची योग्यता ठरविते. ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी केलेले आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील, आणि गडद निळ्याला फार कमी. त्यामुळे ज्या निळ्या दिव्यावर प्रवाळ पोसला जातो तो ल्युमेनच्या हिशेबात दरिद्री ठरतो, आणि जो पिवळसर दिवा त्या हिशेबात श्रीमंत दिसतो तो प्रवाळाला उपाशी ठेवू शकतो. वनस्पतींच्या दृष्टीने खरे माप म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दरम्यानचे किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात हे होय. त्याला ‘पार’ म्हणतात आणि ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागी हा आकडा दोन हजारांच्या घरात जातो. आपल्या टाकीतील मृदू प्रवाळांच्या जातींना पन्नास ते दीडशे एवढा पुरतो. हा एक परिच्छेद ज्याच्या मनात नीट ठसला, त्याचे निदान एका चुकीच्या खरेदीचे पैसे वाचतील.

साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि छत्तीस उंच अशी टाकी गृहीत धरली, तर तीन वॅटचे आठ निळे आणि चार पांढरे एलईडी पुरेसे होतात. प्रत्येकावर सुमारे सव्वातीन व्होल्टचा दाब लागतो, आणि ७०० मिलिअँपिअर प्रवाह दिल्यास बारांचा मिळून खर्च सत्तावीस वॅटच्या आसपास येतो. परंतु क्षमता ७०० ची असली तरी नगरच्या उन्हाळ्यात ते ५०० वरच चालवावेत, असा माझा आग्रह आहे. मग एकूण खर्च एकोणीस वॅटवर येतो, प्रकाश त्या मानाने थोडाच घटतो, आणि आयुष्य वाढते. निळे आणि पांढरे हे दोन निरनिराळ्या मालिकांत, दोन निरनिराळ्या ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला वीज पुरविणाऱ्या उपकरणांवर, जोडावेत, म्हणजे प्रत्येकाचा जोर स्वतंत्रपणे कमी-जास्त करण्याची मुभा राहते. ड्रायव्हर स्थिर प्रवाहाचाच हवा. एलईडी तापला की त्याला लागणारा दाब उतरतो. अशा वेळी पुरवठा स्थिर दाबाचा असेल तर प्रवाह वाढतो, वाढलेल्या प्रवाहाने तो अधिक तापतो, आणि हे चक्र त्याच्या नाशापर्यंत जाऊन थांबते. स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर या चक्राला मुळातच वाव देत नाही.

उष्णतेचा प्रश्न दोन जागी येतो, दिव्याच्या पाठीशी आणि पाण्यात. एलईडीची उष्णता प्रकाशाबरोबर खाली न जाता त्याच्या तळातून पाठीमागे जाते, म्हणून त्याला थर्मल पेस्ट लावून अ‍ॅल्युमिनिअमच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, घट्ट बसवावे लागते. सरकत्या खिडक्या बनविणाऱ्यांकडे मिळणारा अ‍ॅल्युमिनिअमचा सेक्शन स्वस्त आणि हाताशी असतो, परंतु तो पातळ आणि बिनपाखांचा असल्यामुळे एकट्याने हे काम करीत नाही. त्याच्या पाठीवर लहान पंखा बसवावा, नाहीतर पाखे असलेला जाड हीटसिंकच घ्यावा. भर दुपारी दिवा तासभर चालल्यानंतर हीटसिंकवर तळहात ठेवून दहा अंक सावकाश मोजता आले, तर रचना ठीक आहे असे समजावे. या शहराला असल्या कामाचे वावडे नाही. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत विद्युतसामग्री करणारे कारखाने कित्येक दशके चालले, कायनेटिकची लूना या गावच्या कारखान्यातून देशभर गेली, आणि त्यांच्या आश्रयाने पत्रा वाकविणारे, पावडर कोटिंग करणारे, मोटारी भरणारे असे शेकडो कुशल हात येथे तयार झाले. दिव्याची पेटी अशा एखाद्या कारागिराकडून करवून घेतली तर ती परदेशी पेटीपेक्षा कोणत्याही अंगाने उणी ठरणार नाही, आणि बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस त्याच रस्त्यावर सापडेल. हाताने दिवा करण्याचा माझ्या मते हाच सर्वांत मोठा लाभ. पैशाची बचत ही दुय्यम बाब होय.

पाण्यातील उष्णतेच्या बाबतीत मात्र निसर्गाने नगरकरांवर एक उपकार करून ठेवला आहे, ज्याचा लाभ मुंबईकराला मिळत नाही. प्रवाळांना पाणी चोवीस ते सत्तावीस अंशांच्या दरम्यान मानवते. आपल्या उन्हाळ्यातील हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावरून एक छोटा पंखा आडवा वाहता ठेवला की बाष्पीभवन झपाट्याने होऊन पाणी खोलीतील हवेपेक्षा काही अंश थंड राहते. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता बरोबर नेते. बाहेरून नवी उष्णता आलीच नाही असे क्षणभर धरले, तर एवढ्याने पासष्ट लिटर पाणी नऊ अंशांनी निवावे. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता येतच राहते, म्हणून टाकी माळवदाखालच्या तापणाऱ्या खोलीत न ठेवता जाड भिंतींच्या मधल्या खोलीत ठेवावी. उडून जाते ते केवळ पाणी. मीठ मागेच राहते. सबब दररोजची भरपाई गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्यानेच करावयाची, आणि ती चुकली तर लिटरमागे पस्तीस ग्रॅम असलेली क्षारता चढत जाऊन जीव धोक्यात येतात. आमच्या काळ्या खडकातील बोअरचे जड पाणी या कामी निरुपयोगी आहे. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा गुण घटतो, आणि पौष-माघात पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा तेच पाणी उबदार राखण्यासाठी हीटर लावावा लागतो. प्रवाळ पाळणाऱ्याला नगरचे सारे ऋतू असे हिशेबात धरावे लागतात.

वीज गेली तर काय, ही चिंता खेड्यापाड्यांतील वाचकाला पहिल्यांदा सतावेल. दिव्यापुरते तिचे उत्तर सोपे आहे: समुद्रावरही ढग येतात, आणि एक दिवसाच्या अंधाराने प्रवाळ मरत नाही. मरतो तो पाणी हलणे थांबल्याने आणि प्राणवायू संपल्याने. म्हणून बॅटरीची पहिली तरतूद हवेच्या पंपासाठी करावी आणि दिव्याचा विचार नंतर. दिव्याचा रोजचा शिरस्ता टायमरकडे सोपवावा. आठ ते दहा तास पुरेत. नवा दिवा पहिल्या दिवशी एक तृतीयांश जोरावर सुरू करून महिना-सव्वा महिन्यात पूर्ण जोरावर आणावा, कारण अंधुक प्रकाशाची सवय झालेल्या जीवावर अचानक पडलेला प्रखर झोत हाच पुष्कळदा त्याच्या नाशाचे कारण ठरतो.

यापुढची बाब कायद्याची, आणि ती मी मुद्दाम विस्तृतपणे मांडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. त्या अनुसूचीतील जीव समुद्रातून काढणे, विकणे अथवा विकत घेणे हा गंभीर गुन्हा आहे. आमच्याच राज्याच्या किनाऱ्यावर मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभरावर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँकेच्या बुडालेल्या पठारावर प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. तापणाऱ्या समुद्रामुळे त्यांच्यावर आधीच संकट ओढवले असताना आपल्या दिवाणखान्यासाठी त्यांतला एक तुकडाही कमी व्हावा, याचे समर्थन कोणत्याही विज्ञानप्रेमाने होणार नाही. म्हणून ही पुस्तिका केवळ त्या अनुसूचीबाहेरच्या, टाकीतच वाढविलेल्या तुकड्यांपासून फुटवे घेतलेल्या मृदू जातींसाठी लिहिली आहे: मश्रूम, झोअँथिड, लेदर. कमी प्रकाशात समाधानी राहणाऱ्या या जाती एकोणीस वॅटच्या दिव्याला साजेशाही आहेत. त्यांतील झोअँथिडांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असते. त्यांना हातमोज्यांशिवाय स्पर्श करू नये, आणि ते वाढलेला खडक कधीही उकळू नये, कारण त्या वाफेने घरातील माणसे गंभीर आजारी पडू शकतात. विक्रेता मालाचा उगम सांगण्यास टाळाटाळ करीत असेल, तर रिकाम्या हाताने परत यावे.

पुढील प्रकरणांत मोजमापे, जोडणीच्या आकृत्या आणि सामानाचा तपशील क्रमाने दिला आहे. ज्यांना अधिक स्वस्त अथवा अधिक टिकाऊ रचना साधेल त्यांनी ती अवश्य करावी आणि इतरांना लिहून द्यावी. या विषयावर मराठीत लेखन फार थोडे आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यातील हवापाण्याचे अनुभव एकत्र आल्याखेरीज ते वाढणार नाही.

वाचकास एकच विनंती करावयाची उरली आहे. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे, आणि बाजारात मिळणारे पुष्कळसे स्वस्त ड्रायव्हर आयसोलेटेड नसतात. अशा ड्रायव्हरमध्ये घरच्या सप्लायचा दाब एलईडीच्या तारांपर्यंत आणि प्रसंगी अ‍ॅल्युमिनिअमच्या पेटीपर्यंत पोहोचू शकतो. ड्रायव्हर आयसोलेटेडच घ्यावा, पेटीला अर्थिंगची तार स्क्रूने कसून जोडावी, एलईडीखाली अ‍ॅक्रिलिकचा पत्रा लावून शिंतोडे अडवावेत, प्लगकडे जाणारी वायर प्लगच्या खालपर्यंत झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न शिरता खाली गळेल, आणि पेटलेल्या निळ्या एलईडीकडे सरळ नजर लावू नये. या पुस्तिकेचे पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी परवानाधारक वायरमनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे, आणि टाकीच्या सर्किटवर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळतीचा प्रवाह जाणवताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा.